इमारतीतली जागा की सिस्टीममधली गडबड? प्रबंधाचा विषय निवडताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि गाईडनी दोन विषय पुढे ठेवलेत. एक, इमारतीच्या आत मोबाईलची जागा ओळखणं, म्हणजे इनडोअर पोझिशनिंग. दुसरा, कॉम्प्युटर सिस्टीममधलं विपरीत वागणं पकडणं, म्हणजे ॲनॉमली डिटेक्शन. दोन्हींवर पेपरांचा ढीग आहे, दोन्हींत कुणीतरी ९९ टक्के अचूकता दाखवून बसलंय. मग करायला उरलंय काय, आणि घ्यायचं कुठलं?

मी गेली सोळा वर्षं पहिल्या विषयात काम करते. दुसरा माझ्या गळ्यात पडला तो पहिल्यामुळेच. पोझिशनिंगची सिस्टीम बिघडते तेव्हा बंद पडत नाही. ती चालूच राहते, आणि तितक्याच आत्मविश्वासाने चुकीची जागा सांगते. सर्व्हर हिरवा, डॅशबोर्ड हिरवा, आणि नकाशावरचा ठिपका मात्र भिंतीपलीकडच्या खोलीत. त्यामुळे माझं उत्तर सरळ 'अमुक घ्या' असं नाही. या दोन विषयांच्या सांध्यावर एक प्रश्न आहे, तो घ्या. पण तिथवर येण्याआधी दोन्हींकडची जमीन कशी आहे ते बघू.

जीपीएस घरात का चालत नाही हे तुम्हाला माहीत असेलच. उपग्रह वीस हजार किलोमीटर वर, आणि जमिनीवर पोचेपर्यंत सिग्नल उणे १३० डीबीएमच्या (सिग्नलची ताकद मोजायचं एकक; आकडा जितका उणे, तितका सिग्नल क्षीण) आसपास उरलेला. त्यावर आरसीसीचे दोन-तीन स्लॅब पडले की संपलं. म्हणून इमारतीत आधीच असलेल्या गोष्टींवर जागा ओळखायची ही कल्पना आली. १९९२ मध्ये केंब्रिजच्या ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेत रॉय वाँट, अँडी हॉपर आणि सहकाऱ्यांनी इन्फ्रारेड बिल्ले केले होते. साधारण दर पंधरा सेकंदांनी बिल्ला आपली ओळख पाठवायचा आणि खोलीतला सेन्सर ती ऐकायचा. त्याने 'कुठल्या खोलीत' एवढंच कळायचं, पण जे कळायचं ते खरं असायचं. इन्फ्रारेड भिंतीतून जात नाही, हा त्या पद्धतीचा दोष नव्हता, तोच गुण होता. रेडिओ भिंतीतून जातो आणि तिथून पुढच्या सगळ्या भानगडी सुरू होतात.

वायफायच्या बाजूचा पाया २००० सालचा. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये परमवीर बहल आणि वेंकट पद्मनाभन यांनी रडार नावाची सिस्टीम केली. ऑफिसचा एकच मजला, साधारण ४३ बाय २२ मीटर, तीन बेस स्टेशन, सत्तर ठिकाणी आधी घेतलेली मोजमापं. नव्या जागी सिग्नल किती येतोय ते बघायचं, साठवलेल्या नोंदींत त्याच्या सर्वांत जवळची नोंद शोधायची, आणि तिची जागा ती आपली जागा म्हणायची. निम्म्या वेळा चूक तीन मीटरच्या आत. आज यालाच आपण फिंगरप्रिंटिंग म्हणतो, आणि पंचवीस वर्षांत कितीही न्यूरल नेटवर्क आली तरी आतला गाभा तोच आहे: एक रेडिओ नकाशा बनवा, मग त्याच्याशी ताडून बघा.

नकाशा का लागतो? सिग्नलच्या ताकदीवरून थेट अंतर का काढत नाही? एक हिशेब करून बघा. आत भिंती-फर्निचर असताना दर दहापट अंतराला साधारण ३० डेसिबल घट धरली, आणि मधे एक माणूस उभा राहिल्याने सिग्नल ६ डेसिबलने पडला, तर १० मीटरवरचा राउटर तुम्हाला १६ मीटरवर वाटेल. आणि ६ डेसिबल म्हणजे काहीच नाही. मोबाईल खिशातून हातात घेतला तरी तेवढा फरक पडतो. दोन कंपन्यांचे मोबाईल एकाच टेबलावर शेजारी ठेवा, पाच-सात डेसिबलचा फरक सहज दिसेल. २.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी साडेबारा सेंटीमीटर, त्यामुळे वीतभर सरकलं तरी भिंतीवरून परतलेले तरंग एकमेकांना वाढवतात किंवा मारतात. म्हणून अंतराचं सूत्र बाजूला ठेवून लोक त्या-त्या जागेचा ठसा घेतात.

हा ठसा शिळा होतो. हे मी पुस्तकात वाचलं नाही, भिवंडीजवळच्या एका गोदामात शिकले. आम्ही सर्वे केला तेव्हा रॅक निम्मे रिकामे होते. चाचणीत चूक चार मीटरच्या आत, ग्राहक खूश, आम्ही खूश. दिवाळीच्या आधी माल भरला. त्यात तेलाचे डबे आणि पाण्याच्या बाटल्यांचे खोके छतापर्यंत. पाणी २.४ गिगाहर्ट्झ पिऊन टाकतं, आणि पत्र्याचे डबे म्हणजे आरसेच. फोर्कलिफ्टचा ठिपका शेजारच्या गल्लीत दिसायला लागला. त्यातच एका इलेक्ट्रिशियनने वायरिंग करताना दोन ॲक्सेस पॉइंट (वायफाय सोडणारी यंत्रं) एका खांबावरून दुसऱ्या खांबावर हलवले होते आणि ते कुणाला सांगायचं असतं हे त्याला माहीत असण्याचं काही कारणही नव्हतं. आम्हाला हे कळायला तीन आठवडे लागले, तेसुद्धा एका सुपरवायझरने 'मॅडम, तुमचं यंत्र भिंतीतून चालतंय' असं फोनवर सांगितलं म्हणून. त्या तीन आठवड्यांत आमच्या एकाही अलार्मने तोंड उघडलं नाही.

हे डोक्यात ठेवून आता सार्वजनिक डेटाकडे बघा. तुम्ही बहुधा यूजेआय-इनडोअरलॉक या वायफाय मोजमापांच्या संचापासून सुरुवात कराल, बहुतेक सगळे करतात. स्पेनमधल्या जाउमे प्रथम विद्यापीठाच्या तीन इमारती, ५२० ॲक्सेस पॉइंट, १९,९३७ प्रशिक्षण नोंदी आणि १,१११ पडताळणी नोंदी, वीसच्या वर माणसं आणि पंचवीस अँड्रॉइड उपकरणं. डेटा चांगला आहे, प्रामाणिकपणे गोळा केलेला आहे. पण त्यात दोन खड्डे आहेत आणि दरवर्षी कुणीतरी त्यांत पडतं.

पहिला: जो ॲक्सेस पॉइंट ऐकूच आला नाही त्याच्यासाठी तिथे १०० हा आकडा लिहिलाय. खरे आकडे शून्य ते उणे १०४ या पट्ट्यातले. म्हणजे तुम्ही ती फाईल जशीच्या तशी मॉडेलला दिलीत तर 'अजिबात ऐकू येत नाही' याचा अर्थ 'जगातला सर्वांत जोरदार सिग्नल' असा होतो. न्यूरल नेटवर्क बिचारं त्यातूनही काहीतरी शिकतं, आकडेही बरे येतात, म्हणून चूक लक्षात येत नाही. त्या १०० च्या जागी उणे १०५ किंवा उणे ११० टाका, आणि फरक स्वतः बघा.

दुसरा खड्डा खोल आहे. प्रशिक्षण नोंदी ९३३ ठिकाणांवरच्या आहेत, म्हणजे एकेका जागी वीसेक वेळा मोजलेलं. तुम्ही त्यातलेच ८० टक्के प्रशिक्षणाला आणि २० टक्के चाचणीला असे पत्ते पिसल्यासारखे वाटलेत, तर त्याच जागेच्या, त्याच माणसाच्या, त्याच मिनिटाच्या नोंदी दोन्हीकडे जातात. मग ९९ टक्के येणारच. परीक्षेची प्रश्नपत्रिका आदल्या रात्री वाचून पैकीच्या पैकी काढल्यासारखं आहे ते. डेटा बनवणाऱ्यांनी पडताळणी संच मुद्दाम चार महिन्यांनंतर घेतला होता. तोच वापरा. आकडा घसरेल, पण तो आकडा तुमचा असेल.

आणि सरासरी चूक सांगू नका. सरासरीत दोन-चार मोठ्या चुका लपतात किंवा उगाच गोंधळ घालतात. आयपीआयएन या इनडोअर पोझिशनिंगवरच्या परिषदेच्या स्पर्धेत ७५ व्या पर्सेंटाइलची चूक (चारांतल्या तीन चुका ज्याच्या आत येतात तो आकडा) मोजतात आणि मजला चुकला तर दर मजल्यामागे १५ मीटरचा दंड लावतात. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. मजला चुकणं म्हणजे वापरणाऱ्याच्या दृष्टीने सगळंच चुकणं, मग नकाशावर ठिपका अर्ध्या मीटरवर का असेना.

तुम्ही अल्ट्रा-वाइडबँडबद्दल (कमी अंतरावरचा, फार रुंद पट्टा वापरणारा रेडिओ) विचारलंय, ते थोडक्यात उरकते. २०१९ मध्ये आयफोन ११ मध्ये ती चिप आली, नंतर एअरटॅग आले, तेव्हापासून सगळ्यांना ते हवं असतं. ते सिग्नलची ताकद नाही, प्रवासाचा वेळ मोजतं. एक नॅनोसेकंद म्हणजे ३० सेंटीमीटर, त्यामुळे समोरासमोर वीतभराच्या अचूकतेपर्यंत जाता येतं. पण घड्याळांनी घात होतो. दोन चिपच्या क्रिस्टलमध्ये दहा लाखात २० इतका फरक असेल आणि उलट उत्तर द्यायला एक मिलिसेकंद लागत असेल, तर एकाच फेरीच्या (सिग्नल गेला, उत्तर आलं) मोजणीत १० नॅनोसेकंद, म्हणजे तीन मीटर चूक! म्हणून दुहेरी फेरी मारावी लागते. विषय सुंदर आहे, पण प्रत्येक खोलीत अँकर (जागा माहीत असलेलं स्थिर यंत्र) बसवायला पैसा आणि शिडी लागते, आणि एम.टेक.च्या वर्षात दोन्हींचा तुटवडा असतो. वायफाय आरटीटीचंही (वायफायवरच प्रवासाचा वेळ मोजायची पद्धत) तसंच: अँड्रॉइड ९ पासून मोबाईलच्या बाजूने सोय आहे, पण तुमच्या कॉलेजातले ॲक्सेस पॉइंट ती देतात का, हे विषय नक्की करण्याआधी बघा, नंतर नाही.

आता दुसरा विषय. सिस्टीमच्या नेहमीच्या वागण्याचं चित्र बनवायचं आणि त्याबाहेर जे जाईल त्यावर बोट ठेवायचं, ही मांडणी डोरोथी डेनिंग यांनी १९८७ च्या निबंधात केली. कल्पना आजही तीच आहे, अवजारं बदलली: २००० मध्ये लोकल आउटलायर फॅक्टर, २००८ मध्ये आयसोलेशन फॉरेस्ट, २०१७ मध्ये लॉगसाठी (सिस्टीम स्वतः लिहीत जाते त्या घटनांच्या नोंदी) एलएसटीएम हे क्रम शिकणारं न्यूरल नेटवर्क वापरणारं डीपलॉग, आणि त्यानंतर तर पूरच. पण या विषयातलं माझं सर्वांत आवडतं काम अवजाराबद्दल नाही, अंकगणिताबद्दल आहे. २००० च्या सुमारास स्टेफान ॲक्सेलसन यांनी दाखवलं की घटना दुर्मिळ असली की चांगला शोधकही निरुपयोगी ठरतो. समजा दिवसाला दहा लाख घटना, त्यातल्या शंभर खरोखर वाईट. तुमचा शोधक ९९ टक्के वाईट घटना पकडतो आणि चांगल्या घटनांवर फक्त एक टक्का वेळा उगाच ओरडतो. वा! आता मोजा. ९९ खरे अलार्म, आणि ९,९९९ खोटे. शंभर वेळा 'लांडगा आला रे आला', त्यात एकदा लांडगा. रात्रपाळीचा मुलगा दुसऱ्या दिवशी ते नोटिफिकेशन म्यूट करतो, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

म्हणून पेपरात नुसती 'अचूकता' लिहिलेली दिसली की मी पान उलटते. इथल्या डेटाचीही तीच गत. केडीडी कप ९९ या नेटवर्क-हल्ल्यांच्या डेटावर आजही लोक पेपर लिहितात. २००९ मध्ये त्याची चिरफाड झाली तेव्हा कळलं की प्रशिक्षणातल्या साधारण ७८ टक्के आणि चाचणीतल्या ७५ टक्के नोंदी एकमेकींच्या नकला आहेत. शिवाय ती रहदारी १९९८ मध्ये प्रयोगशाळेत घडवून आणलेली. लॉगसाठी सगळे एचडीएफएस या, अनेक मशीनवर फायली साठवणाऱ्या सिस्टीमचा डेटा घेतात: दोनशेवर मशीनच्या क्लस्टरमधून आलेल्या १ कोटी ११ लाख ओळी, ५,७५,०६१ ब्लॉक (फायलींचे तुकडे), त्यातले १६,८३८ बिघडलेले. डेटा खरा आहे आणि २००९ मध्ये वेई शू आणि सहकाऱ्यांनी त्यावर केलेलं काम अजून वाचावं असं आहे. त्यांनी ब्लॉकमागे कुठली घटना किती वेळा आली हे मोजून साधं पीसीए (अनेक आकड्यांतल्या मुख्य दिशा काढायची जुनी पद्धत) लावलं होतं. तुम्ही ट्रान्सफॉर्मरसारखं जड न्यूरल नेटवर्क लावण्याआधी एक गंमत करा: प्रशिक्षणात कधीच न दिसलेल्या प्रकारची ओळ आली किंवा कधीच न दिसलेला घटना-मोजणीचा नमुना आला तर 'विसंगत' म्हणा, एवढाच नियम लावा. पायथनच्या वीस ओळी. त्याचा निकाल बघितल्यावर तुमचं जड मॉडेल नेमकं किती जास्तीचं काम करतंय ते कळेल, आणि ते कमी निघालं तर गाईडना सांगायला लाजू नका.

टाइम सिरीजमध्ये (वेळेनुसार येणाऱ्या आकड्यांच्या मालिकांत) तर मोजपट्टीच वाकडी होती. विसंगतीचा पट्टा शंभर क्षणांचा असेल आणि त्यातला एक क्षण पकडला तर शंभरही पकडले असं धरायचं, ही पॉइंट ॲडजस्ट नावाची सवलत वर्षानुवर्षं चालू होती. २०२२ मध्ये काही कोरियन संशोधकांनी दाखवलं की ही सवलत दिली तर नुसते रँडम आकडेसुद्धा नामांकित मॉडेलांच्या बरोबरीने येतात. तुम्ही जो पेपर पाया म्हणून घेणार आहात त्याने ती सवलत घेतलीय का, हे पहिलं तपासा.

आता माझा प्रस्ताव. ॲनॉमली डिटेक्शनचं दुखणं हे की खरं उत्तर कुणाकडेच नसतं. कुठली घटना खरोखर वाईट होती हे सांगणारा माणूस मिळत नाही, मिळाला तर दोन माणसांचं एकमत होत नाही. पोझिशनिंगचं दुखणं हे की रेडिओ नकाशा गुपचूप शिळा होतो. मग शिळ्या नकाशालाच विसंगती माना आणि ती शोधा. इथे खरं उत्तर तुम्ही स्वतः घडवू शकता: लॅबमधला एक राउटर उचलायचा, दहा मीटर पलीकडे ठेवायचा, वहीत तारीख-वेळ लिहायची. इतकी स्वस्त आणि इतकी निर्विवाद विसंगती सर्व्हरच्या लॉगमध्ये तुम्हाला सहज मिळणार नाही.

पद्धत साधी ठेवा. मोबाईलच्या एका स्कॅनमध्ये समजा बारा ॲक्सेस पॉइंट ऐकू आले. एकाला बाजूला ठेवा, उरलेल्या अकरांवरून जागा काढा, आणि त्या जागी बाजूला ठेवलेल्याचा सिग्नल नकाशानुसार किती यायला हवा होता ते बघा. आलेला वजा अपेक्षित, ही झाली त्याची बाकी. असं प्रत्येकाचं करा. मग त्या स्कॅनमधल्या सगळ्या बाक्यांचा मध्यक काढून सगळ्यांतून वजा करा, म्हणजे मोबाईल कुठल्या कंपनीचा आहे आणि खिशात आहे की हातात, याचा सरसकट परिणाम बराचसा निघून जातो. उरतं ते त्या-त्या ॲक्सेस पॉइंटचं स्वतःचं.

एका स्कॅनवरून काहीच ठरवायचं नाही, माणूस मधे आला असेल. दिवसभराच्या, अनेक मोबाईलच्या, अनेक जागांच्या बाक्या ॲक्सेस पॉइंटनुसार जमा करा आणि बघा. ॲक्सेस पॉइंटची ताकद बदलली असेल तर त्याची बाकी सगळीकडे एकाच दिशेने सरकते. हे वरचेवर होतं, कारण मोठ्या ठिकाणचे वायफाय कंट्रोलर ताकद आपोआप कमीजास्त करत असतात. ॲक्सेस पॉइंट हलवला असेल तर काही खोल्यांत बाकी अधिक येते आणि काहींत उणे, आणि त्या अधिक-उण्याचा नकाशा काढला तर तो कुठून कुठे गेला तेही दिसायला लागतं. बंद पडला असेल तर तो जिथे ऐकू यायला हवा तिथे गायब होतो. आणि माल भरल्यासारखा बदल असेल, तर एकाच भागात अनेक ॲक्सेस पॉइंटच्या बाक्या एकदम खाली जातात. या चार सह्या वेगळ्या आहेत. त्या वेगळ्या ओळखता येतात का, किती स्कॅन जमल्यावर येतात, आणि महिन्याला किती खोटे अलार्म देऊन येतात, हा तुमचा प्रबंध. बदल पकडायला १९५४ सालची पेज यांची क्युसम पद्धत (छोटे फरक बेरजेत साठवत जाऊन बदल ओळखणारी) आधी लावा. ती पुरली नाही तरच पुढे जा. मला वाटतं बऱ्याच ठिकाणी पुरेल, पण बंद पडलेल्याच्या बाबतीत नाही, कारण तिथे मोजायला बाकीच नसते.

यातली एक खोच आधीच सांगते. एकाच वेळी तीन-चार ॲक्सेस पॉइंट हलले तर उरलेल्यांवरून काढलेली जागाच चुकते आणि निरपराध ॲक्सेस पॉइंट आरोपी दिसतात. माझ्या गोदामात नेमकं हेच झालं असतं. यावर माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. सर्वांत मोठी बाकी असलेल्याला काढून पुन्हा हिशेब करायचा, असं टप्प्याटप्प्याने मी करते, आणि ते कधी कधी फसतं. तुम्ही काही वेगळं केलंत तर मलाच हवंय.

मोजणीच्या बाजूच्या दोन-तीन गोष्टी. मोबाईल अँड्रॉइडच घ्या, आयफोनवर साध्या ॲपला आजूबाजूच्या वायफायची यादी मिळतच नाही. अँड्रॉइड ९ पासून समोर उघड्या असलेल्या ॲपलाही दोन मिनिटांत चारच स्कॅन मिळतात. अँड्रॉइड १० पासून डेव्हलपर ऑप्शन्समध्ये हा लगाम काढायची सोय आहे, ती तुमच्या मोबाईलवर वापरा, पण प्रबंधात तसं लिहा, कारण खऱ्या ग्राहकाच्या मोबाईलवर लगाम असणार. मित्रांच्या मोबाईलवरून डेटा घेणार असाल तर लेखी संमती घ्या आणि माणसाचा माग साठवू नका, तुम्हाला ॲक्सेस पॉइंटच्या बाक्या हव्यात, कोण किती वाजता कुठे होतं ते नको. मुलींच्या वसतिगृहात तर हे प्रयोग करूच नका.

मुलांच्या मोबाईलचे हॉटस्पॉट नकाशातून गाळा, ते चालते-फिरते ॲक्सेस पॉइंट आहेत. त्यांच्या मॅक ॲड्रेसचा (यंत्राचा ओळख-पत्ता, ज्यात ए ते एफ ही अक्षरंही अंक म्हणून येतात) दुसरा अंक बहुधा २, ६, ए किंवा ई असतो. पण त्या एका खुणेवर सरसकट गाळू नका, कारण एकाच यंत्रातून तीन-चार नावांची नेटवर्क सोडणारे ॲक्सेस पॉइंटही दुसऱ्या-तिसऱ्या नावासाठी तसेच पत्ते वापरतात. हो, तेही आलंच: हवेत तुम्हाला चाळीस पत्ते दिसतील आणि छताला ॲक्सेस पॉइंटचे दहाच डबे असतील. एका डब्याचे सगळे पत्ते एकत्र बांधल्याशिवाय वरचा हिशेब लावू नका, नाहीतर बाजूला ठेवलेल्या ॲक्सेस पॉइंटचा जुळा भाऊ उरलेल्यांत बसून जागा बिघडवत राहील आणि हललेला डबा कधीच सापडणार नाही. डब्यामागच्या स्टिकरवरचा पत्ता आणि हवेतला पत्ता बऱ्याचदा शेवटच्या अंकात वेगळे असतात, म्हणून पहिल्या दिवशी शिडी घेऊन प्रत्येक डब्याखाली उभ्या राहा, सर्वांत जोरदार ऐकू येणारे पत्ते वहीत त्या डब्याच्या नावापुढे लिहा, आणि डब्याचा फोटो काढा.